चौथा भिडू

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सलाम. परवा सुखरूप पोहोचले. आल्या आल्या वॉर्डात उभी राहिले, म्हणून पत्राला उशीर.

अप्पांना सोडून निघताना जीव वरखाली होत होता, पण तू घरात आहेस म्हणून पाय निघाला. हे तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून आधी लिहिते. अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, उजव्या हाताने चमचा धरला तरी पुष्कळ. तू रोज बोटं चोळून चोळून त्या हातात जीव आणलास. इतकी वर्षं नर्स आहे मी, पगार घेणाऱ्यांनाही अशी सेवा करताना पाहिलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. पोटात ठेवणं मला जमत नाही हे तुला एव्हाना कळलं असेल. रविवारी उपासनेहून आल्यावर अप्पांनी पत्ते काढले. मी, तुझा घड्याळजी नवरा आणि शेजारचे शिंपीकाका बसलो. तू चहा घेऊन आलीस, टेबलावर पत्ते पाहिलेस, ट्रे खिडकीत ठेवलास आणि स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावलीस. डाव संपेपर्यंत बाहेर आली नाहीस. डोकं दुखतंय म्हणालीस. डोकं दुखणारी माणसं भांडी घासत बसत नाहीत, मला आवाज येत होता.

लग्नाआधी तू स्टेशनमागच्या खोलीत पत्ते मांडून लोकांचं भविष्य सांगायचीस, हे मला माहीत आहे. माझ्या भावाने माझ्यापासून काही लपवलेलं नाही. ते सगळं मागे टाकून तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा मी पहिल्या बाकावर बसून रडले होते. पण धाकटे, वाईट होता तो धंदा. पत्त्यांनी काय केलंय? छापखान्यात छापलेले, कडा कापलेले कागद ते. देव बावन्न कागदांना घाबरत नाही, त्याच्या लेकींनीही घाबरू नये. ज्याने तुला मोकळं केलं त्याने अर्धवट मोकळं केलं का?

अप्पांच्या बोटांना पत्ते धरणं हेच औषध, असं खुद्द डॉक्टर म्हणालेत. एरवी दिवसभर भिंतीकडे बघत बसणारा माणूस डावाला बसला की बोलतो. मी आले निघून, आता चौथा भिडू नाही. येत्या रविवारी तू बस. अप्पांसाठी बस.

हक्काने लिहिलंय. राग आला तर उलट टपालाने कळव.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सलाम. राग कसला? हक्काने बोलणारं माझ्या माहेरी कोणी उरलेलं नाही. पत्र दोनदा वाचलं.

डोकं खरंच दुखत होतं. पण तुम्ही म्हणता तेही खरं आहे. कसं सांगू? वॉर्डात शिरल्यावर झोपलेल्या पेशंटचा नुसता चेहरा बघून तुम्हाला ताप कळतो. बघायचं नाही असं ठरवलंत तरी कळतो ना? माझं पत्त्यांच्या बाबतीत तसं आहे. तुम्हाला चौकटची सत्ती दिसते, मला प्रवास दिसतो. तुम्हाला इस्पिकची राणी दिसते, मला एकटी पडलेली बाई दिसते. अप्पांनी पत्ते पिसले आणि त्या आवाजासरशी माझी बोटं आपोआप हलायला लागली. म्हणून भांडी घासायला घेतली.

चर्चच्या मंडळीत सगळ्यांना वाटतं, मी त्या खोलीत लोकांना फसवत होते. फसवत असते तर सोडणं सोपं गेलं असतं. मला खरंच दिसतंय असं मला वाटायचं, आणि समोरचं माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसायचं, त्याची चटक लागली होती.

पण तुम्ही शास्त्र जाणणाऱ्या, मी कालची. तुम्ही कागद म्हणता तर कागदच असतील. माझाच विश्वास कच्चा. येत्या रविवारी बसेन. एक विनंती आहे, यांना यातलं काही कळवू नका. हे म्हणतील नको बसूस, मग अप्पांना कारण सांगावं लागेल, आणि माझ्यापायी त्यांचा उरलासुरला आनंद जाईल. ते मला नको आहे.

तुमची धाकटी


२४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

शाब्बास. तुझ्या पत्रामागोमाग घड्याळजीचं पत्र हातात पडलं. अप्पा डाव जिंकून लहान मुलासारखे हसले म्हणे. एवढ्या एका ओळीवर माझा आठवडा निघाला.

तू ज्याला भीती म्हणतेस त्याला मी जुनी सवय म्हणते. मडकं भाजल्याशिवाय पक्कं होत नाही. दर रविवारी बसत जा, आपोआप पक्की होशील. ते दिसण्याबिसण्याचं मनावर घेऊ नकोस. परवा आमच्या चर्चच्या पाळकांशी बोलले, तुझं नाव न घेता. तेही म्हणाले, विश्वास वाढला की अशा भित्या गळून पडतात. घरी कुणाला काही बोलणार नाही, निश्चिंत राहा.

तुझी ताई


१८ मार्च

प्रिय ताई,

सलाम. अप्पांची तब्येत चांगली आहे. शर्टाचं वरचं बटण आता स्वतः लावतात. लागायला वेळ लागतो आणि मदतीला गेलं तर ओरडतात.

तुमचं म्हणणं खरं ठरलं. आता भीती वाटत नाही. अप्पा आणि मी भिडू असतो आणि बहुतेक वेळा आम्हीच जिंकतो. शिंपीकाका म्हणतात, सूनबाईला पत्ते मागच्या बाजूनेही दिसतात. एका रविवारी मी त्यांना सहज म्हटलं, काका, आज दुकानात कापडाचे गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. त्यांनी गंमत म्हणून वर उचलून ठेवले. पहाटे गल्लीतला नळ फुटला, सगळ्या दुकानांत पाणी शिरलं, काकांचं तेवढं कापड वाचलं. सगळे खूप हसले. मीही हसले.

काकांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. पहिली खेप, म्हणून घाबरलेली असते. दुपारी माझ्याकडे येऊन बसते. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंय की बाळ पोटात आडवं आहे. आडवं म्हणजे कितपत वाईट? तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते.

दोन रविवार अंगात कणकण होती म्हणून उपासनेला गेले नाही. काळजी करू नका.

तुमची धाकटी


२७ मार्च

प्रिय धाकटे,

आधी शिंपीकाकांच्या मुलीचं. हे नीट वाच आणि आजच्या आज तिच्या घरी जाऊन सांग. आडवं बाळ आपलं आपण बाहेर येत नाही. कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही. त्याआधीच तिला नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात भरती करा, तिथे ऑपरेशनची सोय आहे. 'बघू', 'थांबू', 'देव करेल ते' हे शब्द कुणाच्या तोंडून नकोत. देवाने डॉक्टर त्यासाठीच केलेत.

आता तुझं. कणकण येते, उपासना चुकते, आणि मला म्हणतेस काळजी करू नका. मी नर्स आहे हे विसरलीस वाटतं. गोड बातमी असेल तर आधी मला कळव, घड्याळजीला मागून सांगितलंस तरी चालेल. कापडाची गोष्ट वॉर्डातल्या बायकांना वाचून दाखवली, सगळ्या पोट धरून हसल्या.

तुझी ताई


१६ एप्रिल

ताई,

घाईत लिहितो आहे. शिंपीकाकांची मुलगी वाचली. मुलगा झाला, तोही जगला आहे, पण अजून काचेच्या पेटीत आहे. रक्त थांबेना म्हणून तिची पिशवी काढावी लागली. पुढे मूल होणार नाही.

कळा घरीच सुरू झाल्या. गाडी मिळून पूल ओलांडेपर्यंत ती बेशुद्ध झाली होती. डॉक्टरांनी काकांना झापलं की बजावून सांगूनही आधी का आणलं नाहीत. काकांना काही माहीत नव्हतं. पोर त्यांना रोज 'अजून वेळ आहे' म्हणून सांगत होती. शुद्धीवर आल्यावर तिने खरं सांगितलं. हिने तिला पत्ते मांडून सांगितलं होतं की त्या हॉस्पिटलात जाण्यात धोका दिसतो.

काका आमच्या दारात आले. आरडाओरडा केला नाही. हिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सूनबाई, आपण तर नुसते खेळत होतो ना?" आणि गेले.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर ही घरात नाही. स्टेशनमागच्या त्या जुन्या खोलीत जाऊन राहिली आहे. घरमालकीण म्हणते, राहू दे चार दिवस. दार उघडत नाही. मी बाहेरून विचारलं, जे सोडलंस ते पुन्हा का धरलंस? आतून म्हणाली, "ताई म्हणाल्या, कागद आहेत."

ताई, तू हिला काय लिहिलं होतंस?

अप्पांना मी धड सांगितलेलं नाही. दर जेवणाला विचारतात, सून कुठे आहे.

तुझा भाऊ


२० एप्रिल

धाकटे,

हे पत्र घड्याळजीच्या हाती पाठवते आहे, तो दाराखालून सरकवेल.

मी कागद म्हटलं होतं. त्या कागदांवर कुणाचं भविष्य वाच असं म्हटलं नव्हतं. उलट त्या मुलीला ताबडतोब भरती करा, असं मी ठळक अक्षरात लिहिलं होतं. पत्र तुला वेळेवर मिळालं होतं. मग माझं नाव कशाला घेतलंस?

चार माणसांनी घटकाभर खेळणं आणि एका गरोदर मुलीला पत्ते मांडून दाखवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शाळकरी पोरालाही तो कळतो. मी इथे दर शनिवारी इतर नर्सेसबरोबर खेळते. मला आजवर काही झालेलं नाही. मी तुला मोकळेपणा शिकवायला गेले आणि तू त्याचं हे केलंस.

घरी जा. मंडळीपुढे उभी राहून जे केलंस ते कबूल कर. उत्तराची वाट बघते.

ताई


२९ एप्रिल

प्रिय ताई,

सलाम. अजून घरी गेलेले नाही. तुम्ही उत्तर मागितलंत म्हणून लिहिते आहे. काकांच्या मुलीचं जे झालं ते मी केलं. 'घाई करू नकोस' हे शब्द माझ्या तोंडातून निघाले, तुमच्या नाही. यांच्यापुढे तुमचं नाव घेतलं ती माझी चूक.

पण ते कसं झालं हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या पत्रावरून तुम्हाला ते अजून कळलेलं दिसत नाही.

पहिल्या रविवारी मी टेबलाशी बसले तेव्हा माझं मन मला 'ऊठ' म्हणत होतं. खांद्याला धरून हलवावं इतकं स्पष्ट. मी त्याला म्हटलं, गप्प बस, ताईंना जास्त कळतं. पुढच्या रविवारी ते हळू बोललं. नंतर बोलायचंच थांबलं. मी तुम्हाला लिहिलं, आता भीती वाटत नाही. तुम्हाला वाटलं मी धीट झाले. मी बहिरी झाले होते.

एकदा ते गप्प झाल्यावर कुठे थांबायचं हे सांगायला आत कुणी उरलं नाही. तुम्ही म्हणता, खेळणं आणि भविष्य सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्यासाठी असेल. माझ्यासाठी त्या एकाच जिन्याच्या पायऱ्या होत्या. कापडाचं मी बोलले ते काही ठरवून नाही. ते खरं निघालं आणि ताई, मला आनंद झाला. मंडळीत मी वाचवलेली बाई असते. घरात सून असते. त्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यानंतरचे दोन रविवार मला अंगात कणकण वगैरे काही नव्हती. उपासनेत मिळणाऱ्या प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायची लाज वाटली, म्हणून गेले नाही.

मग ती पोर आली. म्हणाली, एवढंच सांगा, बाळ जगेल ना? मी नाही म्हणू शकले नाही. स्वयंपाकघरात पत्ते मांडले. हॉस्पिटलच्या जागी इस्पिकचा एक्का, मरणाचा पत्ता, आला. मी म्हटलं, तिथे जायची घाई करू नकोस, मला बरं दिसत नाही.

तुमचं पत्र मिळालं तशी मी धावत गेले. तिला वाचून दाखवलं, हात धरून म्हटलं, आत्ता चल. ती म्हणाली, "तुम्ही आता ताईंच्या सांगण्यावरून बोलताय. पत्ते बघताना तुमचा चेहरा मी बघितला होता." मी रोज जाऊन तेच सांगितलं. ती रोज तेच म्हणाली. काकांना सांगायला हवं होतं. पण काकांना सांगायचं म्हणजे पत्त्यांचंही सांगायचं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले, आणि कळा आल्या.

तुमच्या हातात ते कागदच आहेत, हे मला पटतं. टोमणा मारत नाही. तुम्ही खेळता आणि शांत झोपता. मी तुमच्या पायांनी चालायला गेले. माझे पाय मला सांगत होते की इथे पुढे जमीन नाही, आणि मी त्यांना कच्चे समजले.

तुम्ही लिहिलंत, मंडळीपुढे कबूल कर. करेन. त्या दिवशी तुम्ही कुठे बसाल?

धाकटी


१२ मे

पोरी,

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितो आहे. अक्षर बघून घाबरू नकोस. कोंबडी दौतीत पाय बुडवून चालली असं दिसेल, पण कोंबडी शुद्धीवर आहे.

तुझं पत्र मुलाने वाचून दाखवलं. धाकटीने तुला काय लिहिलं तेही त्यातून कळलं. तू विचारतेस, अप्पा, तिच्यासाठी पत्ते सोडाल का? या घरात मला विचारायची पद्धत जरा उशिरा सुरू झाली आहे.

ती त्या पहिल्या रविवारी ट्रे ठेवून आत गेली तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची लाळ गळते, पोरीला शेजारी बसायची किळस येत असेल. मनात कुढत राहिलो. ती बसायला लागली तेव्हा वाटलं, चला, जिंकलो. ती माझ्यासाठी गप्प बसली. तू माझ्यासाठी तिला बसवलंस. मला एकाने जरी सांगितलं असतं तरी त्याच दिवशी पत्ते उचलून ठेवले असते. मला टेबलाभोवती माणसं हवी होती. हातात काय असेल ते असो.

परवा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून स्टेशनमागे गेलो. जिना चढवेना. खालच्या पायरीवर बसलो आणि हाक मारली, सूनबाई, मी खाली बसलोय, तुझं चालू दे, घाई नाही. घरमालकिणीने खुर्ची आणली, मी पायरीच बरी म्हटलं. मुलगा दुकान उघडून परत आला तरी मी तिथेच. शेवटी ती खाली आली. माझ्या सुजलेल्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, सकाळची गोळी घेतलीत?"

मी म्हटलं, "नाही."

घेतली होती. देव माफ करो. गोळी द्यायला ती घरी आली, ती अजून घरी आहे.

मुलगा पत्ते जाळायला निघाला होता. मी जाळू दिले नाहीत. त्यांचा काय गुन्हा? दवाखान्याच्या बाकावर नेऊन ठेव म्हटलं, वाट बघणारे लोक खेळतील. पण मी आहे तोवर या घरात पत्ते पिसले जाणार नाहीत. हे तिच्यावर उपकार म्हणून नाही, आणि तिला तसं वाटेल असं कुणी वागायचंही नाही. बोटांसाठी तिने मला जुन्या पुस्तकांची शिलाई उसवायला बसवलंय. जन्मभर पुस्तकं बांधली, आता सोडवतो आहे.

तू स्वतःला बोल लावून घेत बसू नकोस. ये.

तुझे अप्पा


१८ मे

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून उत्तर लिहायला बसते आणि फाडते. जे फाडलं त्यात माझी बाजू होती.

बायबलातल्या त्या प्रेषिताने मूर्तीपुढे वाहिलेल्या मांसाबद्दल लिहिलंय ते मी लहानपणापासून वाचत आले. मांस ते मांस, त्याने देव जवळ येत नाही की लांब जात नाही, हे मला तोंडपाठ. त्याच दमात तो पुढे म्हणतो की माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी जन्मात मांसाला शिवणार नाही. हे मी पुष्कळदा वाचलं, पण ते दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय असं समजून. तू मला पहिल्याच पत्रात सगळं सांगितलं होतंस. बोटं हलतात, चटक लागली होती, सगळं. एका बाईने मला दुखतंय कुठे ते बोट ठेवून दाखवलं आणि मी तिथेच दाबलं. पेशंटच्या बाबतीत हे केलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

एक गोष्ट खोटी लिहिणार नाही. मला आजही पत्त्यांत पाप दिसत नाही. शनिवारी इथे बोलावलं तर बहुधा बसेन. पण तुझ्या घरी येताना माझं ते मोकळेपण इथेच ठेवून येईन, आणि ते ठेवताना मला काही गमावल्यासारखं वाटणार नाही, एवढं मी स्वतःला तपासून बघितलं आहे.

शिंपीकाकांना वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात माझा वाटा मी सांगितला आहे. त्यांनी वाचलं की नाही, कळलेलं नाही.

तू विचारलंस, मी कुठे बसेन. बसणार नाही. तुझ्या शेजारी उभी राहीन. पाळकांना विचारून रविवार कळव, रजा टाकते.

तुझी ताई


२१ जून

प्रिय ताई,

सलाम. तुम्ही गेल्यापासून अप्पा दर जेवणाला तुमची नक्कल करतात. पाळक परवा घरी आले होते. म्हणाले, कबुलीच्या दिवशी चूक कुणाची तेच कळेना, ताईच जास्त वेळ बोलल्या. मला हसू आलं, पण तुम्ही बोललात म्हणून माझे पाय टिकले. काका मागच्या बाकावर बसले होते हे तुम्ही बघितलं की नाही माहीत नाही. ते शेवटच्या प्रार्थनेआधी उठून गेले. अजून आमच्याकडे येत नाहीत, रस्त्यात भेटले तर मान वळवतात. त्यांना नावं ठेवायला मला जागा नाही.

काल जे झालं ते तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

दुपारी मागचं दार वाजलं. उघडलं तर काकांची मुलगी, शालीत गुंडाळलेलं बाळ घेऊन. मी दोन पावलं मागे सरले. वाटलं, शिव्या द्यायला आली. ते सोपं गेलं असतं.

तिने शालीतून पत्ते काढले आणि ओट्यावर ठेवले. म्हणाली, "एकदाच बघा. झोपला की याचा श्वास थांबल्यासारखा वाटतो. हा एवढाच आहे मला, दुसरा होणार नाही. जगेल ना, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"पण तुम्हाला दिसतं."

"कधीच दिसत नव्हतं गं. दिसावंसं वाटायचं."

ती रडली, मग चिडली. म्हणाली, "माझं एवढं नुकसान करून बसलात, आता एक शब्द तरी द्या." ताई, तो शब्द अगदी ओठांवर होता. 'जगेल.' बहुधा खराही ठरेल, बाळ बाळसं धरतं आहे. तिला झोप लागली असती आणि मला तिची माफी मिळाली असती. तेव्हा माझं मन आत बोललं. फार हळू, पण बोललं. किती महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला.

मी पुन्हा म्हटलं, "मला माहीत नाही. पण तू बस. आपण दोघी त्याच्याकडे बघत बसू. श्वास अडकल्यासारखा वाटला तर आपण तिघं पूल ओलांडून जाऊ. मी येते तुझ्याबरोबर, कुणी काहीही म्हणो."

मग तिने पत्ते स्वतःच्या हाताने शालीत परत ठेवले आणि खाली बसली. बाळाला आम्ही मधे निजवलं. त्याचं पोट खालीवर होत होतं. मधेच ते थांबायचं, आमचे दोघींचे श्वास अडकायचे, मग पुन्हा चालू व्हायचं. पुढच्या खोलीत अप्पांची कात्री चालली होती.

काकांची घरी यायची वेळ झाली. ती उठली नाही, मीही उठवलं नाही. थोड्या वेळाने बाहेर काकांची हाक ऐकू आली, आधी त्यांच्या दारातून, मग आमच्या मागच्या बाजूने. तिने बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "इथे आहे मी, बाबा."

मी उठून दार पूर्ण उघडलं. काका बाहेर उभे होते. मी बाजूला झाले. ते आत आले नाहीत. निघूनही गेले नाहीत.

तुमची धाकटी